रामलिंगचं बोट

दगडोबा ओतारी हे नाव ऐकलं की नवखा माणूस हसायचाच. नाव दगडाचं आणि हयात गेली धातू वितळवण्यात. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून काळाची नजर चुकवायला आईनं असलं नाव ठेवलं. काळ फसला, पण लोकांनी टिंगल सोडली नाही. बाप बैलांच्या घंटा आणि देवघरातले टाक ओतायचा. पोरानं कोल्हापूरकडं एका कारखान्यात भट्टीपुढं अंग भाजून घेतलं, मातीतून माणूस उभा करायची विद्या घेतली आणि परत येऊन धाराशिवच्या बाहेर तुळजापूर रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. शाळांचे संस्थापक, साखर कारखान्यांचे चेअरमन, सीमेवर गेलेले जवान असे कितीतरी पुतळे त्या शेडमधून ट्रकवर चढले.

त्याची बायको प्रेमाबाई म्हणायची, "आमची चूल लोकांच्या सरणावर पेटती. कुणी पुढारी दवाखान्यात गेला की ह्यांचा हात खाजवाय लागतो."

जीभ अशी, पण मेणाच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी मातीचा पुतळा, त्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यातून मेणाचा पुतळा, मेणावर पुन्हा मातीचं कवच. मग ते कवच भाजायचं, मेण वितळून निघून जातं, आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. ह्या सगळ्यात मेणाचा टप्पा नाजूक. तिथं जी सुरकुती राहील ती धातूत कायमची राहते. ते काम प्रेमाबाईचं.

दिवाळी सरल्यावर लोहाऱ्याकडच्या बोरमाळ गावचा राजशेखर शेडवर आला. चाळिशीचा गडी, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पाणी विचारलं तर नको म्हणाला. खिशातून मोबाईल काढून त्यानं मातीच्या पाटावर ठेवला.

"ह्यो माझा थोरला भाऊ, रामलिंग."

फोटोत एक दणकट माणूस कुणाच्या तरी लग्नात फेटा बांधून हसत होता. राजशेखरनं फोटो सरकवला.

"आणि ह्योबी माझा भाऊच."

दुसऱ्या फोटोत शेतरस्त्याची माती होती, तोडलेल्या बाभळीच्या काट्या होत्या आणि त्या काट्यांत पडलेला माणूस होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडाची दोन शकलं झाली होती. एक डोळा आभाळाकडं उघडा, दुसरा कुठं होता ते कळत नव्हतं. प्रेमाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती शेडच्या मागं जाऊन ओकली.

मारणारा कृष्णराज, ह्यांचा सख्खा चुलतभाऊ. शेताला जायच्या रस्त्यावरून दोन घरांत वर्षानुवर्षं धुसफूस होती. सोयाबीनच्या काढणीला रामलिंगनं रस्ता काट्या लावून बंद केला. कृष्णराज काट्या तोडायला कुऱ्हाड घेऊन आला. रामलिंगनं मजुरांच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली. काट्यांसाठी आणलेली कुऱ्हाड काट्या संपल्यावर थांबली नाही. आता कृष्णराज जामिनावर सुटून आला होता आणि गावात शिरतानाच, रस्त्याच्या कडेला, पूर्वीच्याच घरात राहत होता.

"त्याच्या समोरची जागा आमची हाय," राजशेखर म्हणाला. "तिथं दादा उभा करायचा. उजवा हात असा वर आणि बोट असं सरळ, त्याच्या उंबऱ्यावर. त्यानं दार उघडलं की बोट. त्याची बायको सडा टाकाय आली की बोट. लेकरं खेळाय लागली की बोट. मरूस्तोवर, आन् मेल्यावरबी."

दगडोबानं खरं तर तिथंच हात जोडायला हवे होते. पण तो जातीचा कारागीर. डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की लांब केलेलं बोट ब्राँझमध्ये अवघड जातं. खालून बघितलं की ते काठीसारखं दिसतं. त्यात हाड दिसलं पाहिजे, राग दिसला पाहिजे. आजवर त्यानं केलेल्या पुढाऱ्यांचे हात एकतर खिशात नाहीतर नमस्कारात. असं बोट त्याला कुणी मागितलंच नव्हतं.

"करतो," तो म्हणाला.

राजशेखर गेल्यावर प्रेमाबाई म्हणाली, "पुतळा करताय का फिर्याद?"

"माझं काम पुतळ्याचं. बोट कुणीकडं करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं."

"बंदूक करणारा बी असंच म्हणत आसंल."

मातीचं काम चांगलं झालं. चेहरा लग्नातल्या फोटोवरून घेतला, फक्त हसू काढून टाकलं. हाताला मात्र नमुना नव्हता. रामलिंगच्या हाताचा धड फोटो कुणाकडं नव्हता. म्हणून दगडोबा आपलाच उजवा हात आरशापुढं उगारायचा आणि डाव्या हातानं माती लावायचा. त्याचं बोट लांब, सडपातळ, नख किंचित डावीकडं वळलेलं. लहानपणी बापाच्या भट्टीत चटका बसून ते तसं उगवलं होतं. ते नखही मातीत जसंच्या तसं उतरलं. हात पुरा झाला त्या दिवशी भट्टीवरचा म्हातारा महालिंगप्पा, जो कर्नाटकाच्या हद्दीवरून ऐन तरुणपणी इकडं येऊन राहिला होता, तो पुतळ्यापुढून जाताना बाजूला सरकला.

"येन री मामा, काय केलंय ह्ये," तो म्हणाला, "ह्येच्या पुढनं चाललं की आपनच गुन्हा केल्यासारखं वाटतंय."

दगडोबा सुखावला. एवढं कौतुक त्याला कुठल्या उद्घाटनात मिळालं नव्हतं.

बोरमाळची माणसं पुतळा बघायला येऊ लागली. कुणीतरी मोबाईलवर त्याचं चित्रण केलं आणि ते गावभर फिरलं. मग एका दुपारी वीज गेलेली असताना शेडपुढं जीप थांबली. आत आला तो कृष्णराज, आणि त्याच्या मागं दोन अनोळखी गडी. महालिंगप्पा जेवायला गेला होता, प्रेमाबाई बाजाराला.

कृष्णराज आरडाओरडा करत आला नाही. पुतळ्यापुढं उभा राहून बराच वेळ त्यानं चेहरा बघितला.

"चेहरा दादाचाच हाय," तो म्हणाला. "मामा, पुतळ्याला माझी हरकत न्हाय. तो माझाबी भाऊच व्हता. हात तेवढा खाली घ्या."

"ज्यानं काम दिलंय त्याला सांगा."

"त्याला सांगून ऐकंल व्हय तो? तुमाला सांगतोय. माझी बायको, शिवकन्या, आत्ताच दाराला पडदा लावाय लागलीय. पुतळा उभा ऱ्हायच्या आधी."

"हात खाली घेतला तर पुतळ्यात काही राहत नाही," दगडोबा म्हणाला. ते खरं होतं, पण त्या घडीला बोलण्यासारखं नव्हतं.

कृष्णराज बोटाजवळ गेला. खालून वर, वरून खाली बघत राहिला. मग त्यानं मान हलवली.

"ह्ये दादाचं बोट न्हाय. दादाचं बोट म्या धरलेलं हाय. शाळेत जाताना एक बोट माझ्या हातात, एक राजूच्या. जाडजूड व्हतं. आन् मधल्या पेराला कासऱ्याचा वळ व्हता, खोल. पोळ्याला बैल बुजला तवा आमी दोघं बैलाच्या पुढ्यात व्हतो, म्हणून त्यानं कासरा सोडला न्हाय, हाडापतूर गेला तरी." तो वळला. "ह्ये वाकड्या नखाचं कुणाचं मग?"

दगडोबाची नजर आपोआप आपल्या हाताकडं गेली.

तेवढं पुरलं. त्या दोघांनी त्याला मागून धरलं. एकानं मानगूट दाबून त्याला ऐरणीपुढं गुडघ्यावर बसवलं, दुसऱ्यानं उजवा हात ओढून ऐरणीवर पसरला. कृष्णराजनं शेडमधलाच घण उचलला.

"माझ्याकडं बोट तुमी दाखवताय तर," तो म्हणाला. "म्या म्हणलं दादा दाखवतोय."

पहिला घाव बोटावर पडला तेव्हा दगडोबाला आवाज ऐकू आला, दुखणं मागून आलं. ओल्या काटकीसारखा आवाज. दुसऱ्या घावाला नख उडून राखेत पडलं. तिसऱ्या घावाला बोट असं काही उरलंच नाही. ऐरणीच्या गार लोखंडावर लाल चिखल झाला आणि त्यात पांढरे तुकडे दिसत होते. मग कृष्णराजनं घण मातीच्या पुतळ्यावर चालवला. हात खांद्यापासून निखळला, भुईवर पडला आणि फुटला. पण प्लॅस्टरचा साचा आदल्या आठवड्यातच काढून झाला होता आणि तो कोपऱ्यात गोणपाटाखाली होता. कृष्णराजला ते काम माहीत नव्हतं. मातीचा हात मोडला म्हणजे बोट संपलं असं समजून तो निघून गेला.

दवाखान्यात उरलेलं पेर कापून टाकावं लागलं. शुद्धीवर आल्यावर दगडोबा पहिलं वाक्य बोलला ते बायकोशी.

"साचा हाय न्हवं?"

"हाय," प्रेमाबाई म्हणाली. "पोलिसात जाऊ आधी."

तक्रार झाली, पंचनामा झाला, ते दोन गडी पळाले आणि कृष्णराजला आणखी एक जामीन मिळाला. त्यानंतर दगडोबा बदलला. जेवताना घास सांडायचा आणि तो घासाकडं न बघता कोपऱ्यातल्या साच्याकडं बघायचा. त्याचं बोट जगात आता त्या साच्यातच उरलं होतं. ते ब्राँझमध्ये उतरणार, कृष्णराजच्या दारावर रोखलेलं राहणार, आणि पाऊस पडो, ऊन पडो, कुठल्या घणानं मोडणार नाही. रामलिंगसाठी त्याला कधी एवढा राग आला नव्हता. प्रेमाबाईनं मेण ओतलं, धड आणि डोकं ब्राँझमध्ये आधी ओतून झालं. हात त्यानं मुद्दाम शेवटाला ठेवला.

त्या दिवसांत एका सकाळी रामलिंगची आई, धुरपदाबाई, एकटीच एसटीनं आली. वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी. पदराआडून तिनं एक तांब्याचा गडू काढला. मुठीएवढा, तोंड डाख देऊन कायमचं बंद केलेलं. हलवला की आत पाणी वाजायचं.

"माझ्या सासूनं काशीहून आणलेली गंगा हाय. मरतानी तोंडात घालायची म्हणून देवघरात ठिवलेली. माझा रामलिंग काट्यांत मेला, त्याच्या तोंडाला साधं पाणी लागलं न्हाय. ह्यो गडू तुमच्या धातूत टाका. त्याच्या अंगात तरी जाऊ दे."

दगडोबा दचकला. "मावशी, असं कुणाला बोलूसुद्धा नका. वितळलेल्या धातूत पाणी गेलं तर क्षणात वाफ होती आन् मूस फुटती. बंद गडू म्हणजे तर बाँबच. माझ्या बापाचा पळा नुसता ओला व्हता, तर छपराची कौलं उडाली आन् त्याचा कान गेला. तोंड उघडून पाणी काढा, मोकळा गडू टाकतो."

"उघडलेली गंगा ठिवत न्हाईत. ती मरणाराच्या तोंडातच जाती."

"मग घरी न्या."

म्हातारीनं गडू पदरात घेतला. पण ती उठली नाही.

"अजून एक हाय. बोट करू नका."

"ते राजशेखरचं काम आहे."

"त्याला म्या सांगून थकले. किसनाची, ह्या कृष्णराजची, माय त्याला जन्म देऊन गेली, तवा राजू माझ्या अंगावर पीत व्हता. एका बाजूला राजू घेतला, एका बाजूला किसना. एक लेक दुसऱ्यानं मारला. आता तुमचं बोट उभं ऱ्हायलं की उरलेले दोघं एकमेकाला संपवतील. मी कुणासाठी रडू?"

दगडोबानं पट्टी बांधलेला हात तिच्यापुढं धरला. "आधी ते तुमच्या रामलिंगचं होतं मावशी. आता माझं हाय."

धुरपदाबाईनं त्या हाताकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं.

"म्हंजे तुमीबी आमच्या भावकीतलेच झाला," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

हात ओतायचा दिवस राजशेखरनं सणासारखा केला. गावानं घराघरातून मोडकी पितळी, फुटके तांबे, बिनवातीच्या समया दिल्या होत्या. महालिंगप्पा एकेक भांडं पारखून मुशीत टाकत होता.

"ह्ये जर्मनचं कुणी आणलं? न्या परत. रामलिंग पांढराफटक पडंल," तो म्हणाला आणि माणसं हसली.

ऊन डोक्यावर आलं होतं. भट्टी वाघासारखी गुरगुरत होती. शेडच्या मधोमध खड्ड्यात हाताचं कवच वाळूत पुरून ठेवलं होतं, ओतायचं तोंड तेवढं वर. दगडोबाला सांडशी धरता येत नव्हती, म्हणून मूस महालिंगप्पानं आणि राजशेखरनं मिळून भट्टीतून उचलली आणि खड्ड्याच्या काठाला वाळूवर टेकवली. वरची मळी काढायची आणि ओतायचं, एवढंच राहिलं. मुशीत धातू सूर्यासारखा थरथरत होता. दगडोबा खड्ड्याच्या काठावर उभा होता आणि त्याला नसलेलं बोट ठणकत असल्यासारखं वाटत होतं. आता थोडाच वेळ.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. कृष्णराज आत आला. ह्या वेळी एकटा, हातात कोयता.

"साचा ऱ्हायला व्हता व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं, मोडलं."

तो सरळ खड्ड्याकडं निघाला. राजशेखरनं सांडशी टाकली आणि पहार उचलली. कुणी काही बोलायच्या आत पहार कृष्णराजच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज भट्टीच्या आवाजावरून ऐकू आला. कृष्णराज एका गुडघ्यावर गेला आणि तिथूनच त्यानं कोयता फिरवला. राजशेखरच्या कोपराखालचं मांस उघडं पडलं, रक्त वाळूवर सांडलं आणि मुशीच्या कडेला लागून चर्रकन जळालं. माणसं बाहेर पळाली. दारात चेंगराचेंगरी झाली. ते दोघं एकमेकाला ढकलत, लाथा घालत, दात खात मुशीभोवती फिरत होते. राजशेखरच्या तोंडातून शब्द येत नव्हते, नुसता घरघर आवाज.

दगडोबा त्यांना सोडवायला गेला नाही. ते खरं सांगायला पाहिजे. तो कवचाच्या तोंडावर आडवा उभा राहिला. त्याला साचा वाचवायचा होता.

"थांबा."

आवाज बारीक होता, पण दोघांच्या ओळखीचा. गावच्या माणसांबरोबर आलेली धुरपदाबाई मुशीच्या पलीकडं उभी होती. धगीनं तिचा पदर तपकिरी पडत चालला होता. एक हात तिनं मुशीवर धरला होता आणि त्या हातात गंगेचा गडू होता.

"एकानंबी पाऊल उचललं तर सोडीन म्या ह्यो. माझ्याच दुधावरली दोघं. रोज एकेकाला रडण्यापरास सगळे एकदाच जाऊ."

म्हातारीला सगळं कळलं होतं, त्यानंच तिला शिकवलं होतं.

"हलू नका कुणी," तो ओरडला. "पाणी हाय त्यात. बंद पाणी. फुटंल."

महालिंगप्पा भट्टीमागं दडला. कृष्णराज जागच्या जागी थांबला, त्यानं कोयता खाली केला. पण राजशेखरच्या कानात रक्त चढलं होतं. त्याला आई दिसली, गडू दिसला, खाली भावाच्या हातासाठी वितळलेला धातू दिसला. धमकी त्याला ऐकूच आली नाही. त्या घरातल्या माणसाला गंगेच्या गडूचा एकच अर्थ माहीत होता.

"सोड माय," तो रडत म्हणाला. "सोड. दादाच्या तोंडात पडू दे गंगा."

आणि त्यानं तिच्या मनगटाला हात लावला, आई नैवेद्य ठेवताना लेकरू हात लावतं तसा. गडू निसटला.

तो लगेच बुडाला नाही. लाल धातूवर क्षणभर तरंगला, काळा पडला, मग पिवळा झाला. तेवढ्या वेळात दगडोबानं म्हातारीला कवेत घेऊन खड्ड्यात उडी टाकली. कृष्णराज पुढं झेपावला. कोयता घेऊन झेपावला का म्हातारीला ओढायला, ते पुढं कुणाला सांगता आलं नाही. कोयता त्याच्या हातात होता, एवढं खरं.

मग शेड फुटली. छपराचा पत्रा कागदासारखा वर गेला. पेटलेला धातू पावसासारखा चहूकडं उडाला, भिंतीला चिकटला, खांबाला चिकटला, माणसांना चिकटला. दगडोबाच्या पाठीवर निखारे पडल्यासारखं झालं, कातडी सोलत गेली, त्याला स्वतःच्याच मांसाचा वास आला. खाली म्हातारी त्याच्या छातीशी निपचित पडली होती. वरून एक किंकाळी येत होती आणि ती कुणाची ते कळत नव्हतं, कारण दोघांचे आवाज लहानपणापासून सारखेच होते.

धूर निवला तेव्हा कृष्णराजच्या छातीवर ब्राँझचा जाड थर बसला होता आणि त्याखाली तो श्वास घेत होता. सोलापूरच्या दवाखान्यात तो वेदनांनी ओरडत ओरडत मेला. राजशेखर जगला, पण त्याचं तोंड वितळल्यासारखं झालं आणि दोन्ही डोळे गेले. खड्ड्यातलं कवच तडकून निकामी झालं होतं, आधी ओतलेलं धड तेवढं शाबूत होतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा धुरपदाबाई म्हणाली, "गडू माझ्या हातनं पडला."

पाठीच्या जखमा भरत असताना दगडोबाकडं राजशेखरचा निरोप आला. हात परत ओता. डोळे गेले तरी चालतील, बोट पाहिजे. बोलणं तेच, जागा तीच, दार तेच.

"त्या दारात आता कोण हाय?" प्रेमाबाईनं विचारलं. "शिवकन्या आन् तिची लेकरं. त्यांच्यावर रोखणार व्हय तुमचं बोट?"

दगडोबा उठून कोपऱ्यात गेला. गोणपाट काढलं. हाताचा प्लॅस्टरचा साचा धडधाकट होता. तो उघडून त्यानं आतल्या पोकळीत डाव्या हाताचं बोट घातलं. वाकड्या नखाची खूण चाचपून लागली. मग त्यानं डाव्या हातानं घण उचलला आणि साचा फोडला. पहिल्या घावाला फुटला तरी तो मारत राहिला, प्लॅस्टरचं पीठ होईस्तोवर. प्रेमाबाईनं त्याला अडवलं नाही. नंतर झाडू आणून तिनं ते पीठ गोळा केलं.

"मावशीला बोलवा," तो म्हणाला. "आन् माती भिजवा."

धुरपदाबाई आली. पुतळ्यापुढं पाटावर बसली. दगडोबा चार बोटांच्या हातानं माती लावत होता आणि ती सांगत होती. एवढं बारीक न्हाय, जाड करा. नख रुंद. हात खाली, अजून खाली, लेकराला पोचंल एवढा. पुतळा तसा माणसाहून मोठा नव्हता. खांद्यापासून सैल सोडलेला हात, आणि एक बोट बाकीच्यांपासून सुटून जरासं पुढं. दगडोबानं आयुष्यभर माणसांचे हात बघितले होते. बोट दाखवणारा हात आणि बोट देणारा हात ह्यांत नुसता कलाचा फरक असतो, हे तोवर त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मेण झाल्यावर प्रेमाबाईनं मधल्या पेरावर सुतळी ओढून कासऱ्याचा वळ उठवला. तो पुरेसा खोल झाला की नाही ते म्हातारीनं स्वतः हात लावून बघितलं.

पुतळा बोरमाळला उभा राहिला तेव्हा हार नव्हते, भाषण नव्हतं. क्रेन आली आणि गेली. चौथरा दगडोबानं गुडघ्याएवढाच ठेवायला लावला होता. समोरच्या घराचं दार बंद होतं. धुरपदाबाईनं राजशेखरला हाताला धरून आणलं. त्याच्या तोंडावर काळा गॉगल होता आणि गालाची कातडी मेणासारखी चकाकत होती.

त्यानं हात वर करून चाचपलं. पुतळ्याचा खांदा लागला. खांद्याच्या पुढं हवेत तो हात शोधत राहिला. तिथं काही नव्हतं.

"मामा, हात कुठाय?"

"खाली," दगडोबा म्हणाला.

राजशेखरचा चेहरा आवळला. त्यानं पुतळ्याच्या छातीवर मूठ हाणली, मग डोकं हाणलं. "फसवलं तुमी. सगळ्यांनी फसवलं." त्यानं पुतळ्याच्या दंडाला धरून हिसडे दिले, लाथा घातल्या, पुन्हा पुन्हा मुठी मारल्या. ब्राँझ घंटेसारखं वाजत होतं आणि त्यावर रक्ताचे शिक्के उमटत होते. धुरपदाबाई त्याला धरायला गेली नाही. दगडोबाही गेला नाही. रक्तानं निसरडा झालेला राजशेखरचा हात पुतळ्याच्या दंडावरून घसरला, मनगटावरून घसरला आणि बोटावर आला. ते उपसून काढावं तसं त्यानं ते मुठीत आवळलं.

आणि तसाच राहिला.

त्याचा अंगठा बोटावर फिरला. एकदा, मग परत. मधल्या पेरावरच्या वळात तो अडकून बसला. राजशेखर हळूहळू गुडघ्यावर आला. चौथरा ठेंगणा असल्यानं आता त्याचं डोकं पुतळ्याच्या कमरेशी होतं, लहानपणी होतं तिथं. त्याचे खांदे हलत होते.

समोरच्या दाराची कडी वाजली. शिवकन्यानं दार जरासं उघडून बाहेर बघितलं.

"दार उघडलं का त्याचं?" राजशेखरनं विचारलं.

"व्हय," म्हातारी म्हणाली.

राजशेखरची मूठ घट्ट झाली, इतकी की नखं पांढरी पडली. पण त्यानं बोट सोडलं नाही.

"शिवकन्याला म्हणावं, पडदा काढ," तो म्हणाला. "आन् त्याचं पोरगं आसंल तर पाठीव. दादाचं दुसरं बोट रिकामंच हाय."

दगडोबा क्रेनच्या चाकांच्या खुणांवरून चालत रस्त्याला लागला. प्रेमाबाई मागून आली आणि त्याचा उजवा हात, जिथं बोट नव्हतं तिथंच, तिनं धरला.